कुंपणापाशी थांबलेला समुद्र

तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं की मी चेहरा शक्य तितका गंभीर करतो, आवाज थोडा खाली आणतो आणि सांगतो, "मी चिखल वाचतो."

समोरचा माणूस हसावं की सरकून बसावं या विचारात पडतो. ते बघायला मला फार आवडतं. तरुणपणी नाटकात काम करायची हौस होती, पण नाटकवाल्यांनी मला पडदा ओढण्यापलीकडे काही दिलं नाही. पुढे चिखलानं मात्र मला नायक केलं. गावोगाव मी भोक पाडायला उभा राहिलो की माझ्याभोवती जेवढी माणसं जमली, तेवढी आमच्या कंपनीच्या एकाही प्रयोगाला जमली नव्हती.

काम तसं सोपं. मुंबईच्या एका कॉलेजातले भूशास्त्राचे डॉक्टर वसईच्या किनाऱ्यावर संशोधन करत होते. स्वातंत्र्यानंतरची ती पहिली काही वर्षं. आज जिथे भात आहे तिथे पूर्वी काय होतं, समुद्र कुठवर येत होता, कधी मागे गेला, पुन्हा येणार का, असे त्यांचे प्रश्न. त्यांची उत्तरं जमिनीखाली थरांनी रचून ठेवलेली असतात. आम्ही लोखंडी गिरमिट जमिनीत पिळत पिळत खाली घालायचो आणि त्याच्या पोकळ नळीत भरून आलेला चिखल ओल्या गोणपाटावर आडवा मांडायचो. मग वाचन. काळा, कुजका वास मारणारा, तिवराच्या मुळ्या असलेला चिखल म्हणजे एके काळची खाडी. स्वच्छ वाळू म्हणजे पुळण. बोटांत चोळला की मेणासारखा लागणारा राखाडी गाळ म्हणजे संथ पाणी. सगळ्यांत खालचं ते सगळ्यांत जुनं. पुस्तक शेवटच्या पानापासून वाचावं, तसं.

वाचणारे डॉक्टर. मी गिरमिट पिळणारा, पाणी चाखणारा आणि मुख्य म्हणजे बोलणारा. कारण डॉक्टरांचं बोलणं गावात कुणाला कळत नसे. ते औषध देणारे डॉक्टर नव्हेत, हे समजावण्यात तर माझी निम्मी नोकरी गेली. नाळे गावच्या एका आजोबांनी तर धोतर वर करून गुडघाच पुढे केला. डॉक्टरांनी तो नीट पाहिला, दाबला आणि खडकाबद्दल बोलावं तशा सुरात म्हणाले, "झीज झालेली आहे. पुष्कळ जुनी आहे." आजोबा खूश होऊन गेले. म्हणे, इतकं बरोबर निदान आजवर कुणी केलं नव्हतं!

अर्नाळ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तिथली पुळण लाटा किती खातात हे मोजायचं होतं. आम्ही किनाऱ्याला समांतर लाकडी खुंट्या ठोकल्या, पांढऱ्या रंगवल्या आणि पावसाळ्यानंतर मोजायला गेलो. समुद्र आणि खुंट्या यांच्यातलं अंतर होतं तेवढंच. लाटांनी बोटभरही जमीन खाल्लेली नाही! डॉक्टर तिथेच वाळूत बसून लिहायला लागले. मला मात्र खुंट्यांचा रंग फारच ताजा दिसत होता, आणि त्यांच्यामधून दोऱ्या बांधून बोंबीलही वाळत घातले होते. बोंबील उलटणाऱ्या एका मावशींना मी विचारलं, "मावशी, यंदा दर्या फार पुढे आला नाही वाटतं?"

"आला नाय कसा? ही एवढी जमीन नेली मेल्यानं."

"मग आमच्या खुंट्या?"

मावशींनी माझ्याकडे उपकारकर्त्याच्या नजरेनं पाहिलं. "दर्या जवळ आला का आमी उपटून मागे ठोकायचो. सरकारी वस्तू वाहून गेली अस्ती तर तुमची नोकरी नस्ती का गेली? रंग पन दिला परत. होडीचा उरला होता."

डॉक्टरांनी लिहिलेलं पान फाडलं, मावशींना नमस्कार केला आणि आम्ही बोंबील घेऊन परतलो.

पण मला सांगायचं आहे ते कोतरीनबायच्या वाडीबद्दल.

कोतरीनबाय म्हणजे वसईच्या खाडीलगतच्या एका ख्रिस्ती पाड्यातली बागायतदारीण. लाल लुगडं, कानांत जड कुड्या, आणि आवाज असा की वाडीच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचे कावळे उडावेत. नवरा वारलेला. मुलगा मुंबईत कचेरीत, रविवारी देवळात मिस्साच्या प्रार्थनेला येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. केळी आणि पानवेल ती एकटी सांभाळायची. आणि तिच्याकडे पाड्यातलं पहिलं तेलावर चालणारं, पाणी ओढणारं इंजिन होतं. बावखलाच्या काठावर शेड बांधून ते बसवलेलं. फादरांकडून आशीर्वाद मिळालेला, अंगावर झेंडूची माळ.

बावखल म्हणजे विहीर आणि तळं यांच्यामधलं काहीतरी. पावसाचं पाणी त्यात जिरतं आणि जमिनीखालचं गोडं पाणी त्यात पाझरतं. वसईच्या वाड्या या बावखलांवरच जगतात. पूर्वी त्यांवर बैलाचे रहाट कुरकुरत. कोतरीनबायनं रहाट मोडून गोठ्यात टाकला होता. त्यावर आता कोंबड्या झोपत.

तिनं आम्हाला रस्त्यातच अडवलं. "तुमीच ना जमिनीच्या पोटातलं बघनारे? मग माझ्या वाडीच्या पोटात काय दुखतं ते बघा. पानी खारं व्हायला लागलं. केळीची पानं कडेनं करपतात."

"बाई, आम्ही संशोधन करतो. उपाय नाही करत," डॉक्टर म्हणाले.

"उपाय मी करीन. तुमी दुखनं सांगा."

दुखणं तातडीचं होतं. खाडीच्या पलीकडचा एक मिठागरवाला तिची जमीन मागत होता. त्याचं म्हणणं, पाणी खारं झालंच आहे, तर मीठच पिकवू. त्याला येत्या रविवारी मिस्सानंतर हो की नाही ते सांगायचं होतं. खार जमिनीतूनच आलेला असेल तर वाडी संपली, विकलेलीच बरी. खार दुसरीकडून येत असेल तर अजून लढायला जागा होती. जुना खार की नवा, एवढा एकच प्रश्न. आणि खरं सांगतो, इतका नेमका प्रश्न आम्हाला कॉलेजातही कुणी घालून दिला नव्हता.

गिरमिट घातलं. पहिली नळी वर आली आणि डॉक्टरांनी अक्षरशः टाळी वाजवली. काळ्या थरात माशांचे बारीक मणके, काटे, खवले! त्याखाली राखाडी गाळ. मग पुन्हा काळा थर, पुन्हा काटे. पुन्हा गाळ. "बघा, बघा! समुद्र आला, मागे गेला, आला, गेला! आणि किती वरच्या थरात! पृथ्वीच्या हिशोबानं हा कालपरवाचा समुद्र आहे!" गोणपाटाभोवती ते असे फिरत होते की मला आमच्या नाटकातला चारुदत्ताच्या घरी निघालेली वसंतसेना आठवली. फक्त यांच्या हातात चिखल होता.

त्यांनी कोतरीनबायला विचारलं, "इथे खणताना नेहमी मासे सापडतात?"

"कवाबी खना, सापडतातच."

"तुमच्या सासऱ्यांच्या वेळेलाही?"

"त्यांच्या वेळेला तर लई."

डॉक्टरांचा आनंद हळूहळू ओसरला. आपल्या शोधाचा अर्थ समोर उभ्या असलेल्या बाईच्या लेखी काय होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. चष्मा पुसत ते म्हणाले, "बाई, वाईट वाटतं. पण ही जमीन वरपासूनच समुद्राची आहे. खार तिच्या अंगातच आहे. काही करता येईल असं मला दिसत नाही."

कोतरीनबायनं कपाळ, छाती आणि दोन्ही खांदे यांवर बोटं टेकवून क्रूस केला.  थोड्या वेळानं पाहिलं तर ती वाडीच्या कडेला उभी राहून शेजारणीला सांगत होती, "मुनवे पायजेत तर घेऊन जा. चांगल्या राजेळीचे हायेत." मुनवे म्हणजे केळीची पिलं. ती वाटायला निघालेली बागायतदारीण मी त्यापूर्वी पाहिली नव्हती, आणि पुन्हा पाहायची इच्छाही नाही.

दुसऱ्या दिवशी समुद्राची हद्द आखायची होती. म्हणजे एका रेषेत भोकं पाडत जायचं आणि माशांचा थर कुठे संपतो ते पाहायचं. वाडीभर थर सापडत गेला. मग कुंपण आलं. पलीकडे कोतरीनबायच्या दिराचं, पेद्रूचं भातखाचर. या कुंपणाच्या जागेवरूनच दीर-भावजयीत अबोला होता. पेद्रू बांधावर बसून आमची गंमत बघत होता. आम्ही कुंपण ओलांडून त्याच्या हद्दीत गिरमिट घातलं.

मासा नाही. काळा थर नाही. साधी पिवळट माती आणि तिच्याखाली वाळू.

आणखी एक भोक. नाही. डॉक्टर परत कुंपणाच्या अलीकडे आले, अगदी काठीला चिकटून गिरमिट घातलं. मासेच मासे. पलीकडे गेले. काही नाही. असं ते कुंपणावरून इतक्या वेळा चढले-उतरले की पेद्रूनं मला हळूच विचारलं, "भाऊ, यांना ऊन लागलं का?"

डॉक्टर कुंपणावर एक पाय टाकून थांबले. "मला एक सांग," ते मला म्हणाले, "समुद्र कुंपणापाशी का थांबला?"

"परवानगी नसेल," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. आपणच मांडलेल्या नळ्यांजवळ ते गुडघे टेकून बसले आणि पहिल्यापासून वाचू लागले. आता आनंदानं नव्हे, तर संशयानं. आणि जे काल दिसलं नव्हतं ते दिसायला लागलं. एवढे मासे, पण समुद्रतळाला असतात तसे मिटलेले शिंपले एकही नाहीत. काट्यांबरोबर नारळाच्या सालीचा जळका तुकडा. गाळाचे थर सारख्याच जाडीचे, मोजून पसरल्यासारखे. समुद्र इतका शिस्तीत वागत नाही. इतकं शिस्तीत वागणारं प्राणिमात्रांत एकच.

"पेद्रू," डॉक्टरांनी विचारलं, "हे मासे इथे कुणी आणले?"

पेद्रूला प्रश्नच कळेना. "कोन म्हंजे? पाचूबंदरवरनं गाड्या यायच्या ना! आमचा बाप पानवेलीला मासळीचं खत घालायचा. चर खनायचा, मासळी भरायचा आनि उन्हाळ्यात बावखलातला गाळ काढून वर पसरायचा. दर वर्षी. माझ्या बाजूला भात, भाताला कोन मासळी घालतो?"

समुद्र आला, मागे गेला, आला, गेला. ते सगळं पेद्रूचा बाप करत होता. दर उन्हाळ्याला, टोपलीनं.

वसईत जन्मलेल्या प्रत्येकाच्या नाकाला हे ठाऊक होतं. कोतरीनबायलाही. पण तिला वाटलं, इतका शिकलेला माणूस मासे बघून हळहळतोय त्याअर्थी त्यात काही वेगळं असणार. आणि आम्हाला समुद्रच शोधायचा होता, म्हणून आम्हाला समुद्र सापडला. या धंद्यातला हा धोका मी तेव्हापासून कधी विसरलो नाही.

डॉक्टरांचं मला सगळ्यांत आवडतं ते त्यांनी पुढे केलेलं काम. ते तडक कोतरीनबायच्या दारात गेले, चपला काढल्या आणि म्हणाले, "बाई, मी काल जे सांगितलं ते चूक होतं. शब्द परत घेतो. रविवारपर्यंत मला पुन्हा बघू द्या."

ती सांदणं करत होती. तिनं पिठाचे हात कमरेवर ठेवले. "म्हंजे वाडी माझी राहते?"

"ते अजून माहीत नाही."

"मग माहीत करा. मुनवे वाटून टाकलेत मी अर्धे, ते परत मागायला कोन जानार? तुमी?"

आता खरं वाचन सुरू झालं. माणसानं रचलेले थर मागे टाकून गिरमिट आणखी खाली घातलं. वाळू लागली, ओली, भरपूर. तिच्यात गोडं पाणी. आणि खूप खोल, दोघांनी मिळून पिळलं तरी जेमतेम हलेल इतक्या खोल, तो आला. निळसर काळा चिखल, तिवराची मुळं, आणि दोन्ही शिंपा मिटलेलं एक कालव, जसं जगलं तसंच मेलेलं. हा खरा समुद्र. कुंपणाच्या अलीकडेही आणि पलीकडेही. त्यातून निथळलेलं पाणी मी जिभेला लावलं आणि माझं तोंड असं वाकडं झालं की पेद्रूला हसू आवरेना.

आता प्रश्न असा की तो खाली राहणारा समुद्र वर बावखलात कसा आला? यासाठी आमच्याकडे चांदीपासून केलेल्या एका औषधाची बाटली होती. पाण्यात तिचे थेंब टाकायचे. पाणी गोडं असेल तर नितळ राहतं, खारं असेल तर दुधासारखं पांढरं होतं. माझी ही आवडती जागा. मी बाह्या सावरायचो, बाटली आधी प्रेक्षकांना दाखवायचो, डोळे मिटून ओठ हलवायचो. डॉक्टर म्हणायचे, "थेंब टाक आणि गप्प बस."

त्या दिवशी दोन पेले घेतले. एकात कोतरीनबायच्या बावखलातलं पाणी, दुसऱ्यात पेद्रूच्या. दोन्ही बावखलं खाडीपासून सारखीच लांब, खोलीही तीच, खालचा चिखलही तोच. थेंब टाकले. कोतरीनबायचा पेला पांढराफटक झाला. पेद्रूच्यात नुसती पुसट छटा.

पेद्रू रहाटाला बैल जुंपत होता. कोतरीनबायच्या शेडमध्ये इंजिन फटफटत होतं. डॉक्टरांनी मान वळवून एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग म्हणाले, "बाई, तुमच्याकडे तापवलेलं दूध आहे?"

दूध आलं. त्यांनी बोटानं दाखवलं. "ही साय म्हणजे गोडं पाणी. पावसाचं. ते हलकं, म्हणून खाऱ्यावर तरंगतं. खालचं दूध म्हणजे जुना समुद्र. रहाट काय करतो? वरची साय थोडी थोडी काढतो, पाऊस ती पुन्हा भरतो. आणि इंजिन..." त्यांनी पपईच्या पानाचा पोकळ देठ मागून घेतला, दुधात घातला आणि जोरात ओढलं. देठाभोवतीची साय खचली आणि तिच्यातून दूध वर आलं.

कोतरीनबायनं शेडकडे मान वळवली. इंजिन फटफटतच होतं.

"म्हंजे माझ्या वाडीला मीच खारं केलं," कोतरीनबाय म्हणाली.

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "सांगायला आम्हालाही ठाऊक नव्हतं."

पेद्रू कुंपणाशी आला. अबोला धरल्यापासून पहिल्यांदाच तो तिच्याशी बोलत होता, आणि ही संधी साधी घालवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "वयनी, बैल देतो माझा. रहाट उभा करून देतो. फक्त एक अट. त्या इंजिनावर गोनपाट टाकायचं, आनि ते मी बघनार."

"गोनपाट तुझ्या तोंडावर टाकते आधी. बैल कवा आनतोस?"

अबोला असा मोडला. मला वाटतं, दोघांनाही तो मोडायचाच होता, फक्त कुणीतरी मध्ये समुद्र आणून ठेवायला हवा होता.

पण हिशोब कडक होता. रहाटाचं पाणी अर्ध्या वाडीला पुरणार. इंजिनाच्या जिवावर वाढवलेला अर्धा भाग सोडून द्यावा लागणार. आणि डॉक्टरांचा अंदाज चुकला, तर राहिलेला अर्धाही जाणार आणि तोवर मिठागरवाला दुसरीकडे गेलेला असणार. डॉक्टरांनी हे सगळं तिला न लपवता सांगितलं. एकदा चुकलेला माणूस होता, त्यामुळे खात्रीनं काहीच बोलत नव्हता.

रविवारी मिस्सा सुटल्यावर मिठागरवाला देवळाबाहेर छत्री टेकून उभा होता. कोतरीनबाय त्याच्यासमोर थांबली आणि सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "नाय विकायची." बस. त्याला खुलासाही दिला नाही.

त्या उन्हाळ्यात सोडून दिलेल्या पश्चिमेकडच्या अर्ध्या भागातली केळी उभ्या उभ्या वाळली. मी अधूनमधून पाण्याचे नमुने न्यायला जात असे. ती त्या बाजूला पाठ करून बसायची. एकदा म्हणाली, "भाऊ, या लावनीला मी रात्रंदिस पानी पाजलं. आता हिच्याकडे बघायला लाज वाटते." मी नमुन्याची बाटली भरली आणि बूच लावत बसलो. 

डॉक्टरांचा निबंध छापून आला. किनाऱ्याच्या इतिहासात त्यानं मोलाची भर घातली, असं म्हणतात. त्यात मासळीच्या खताला एक ओळ मिळाली, कोतरीनबायला तेवढीही नाही. मी तसं बोलून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "शास्त्रात नावं घालत नाहीत." मला ते पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

पुढचा पावसाळा चांगला झाला. तो संपून पुन्हा उन्हाचे दिवस आले. ज्या दिवसांत आदल्या वर्षी पानं करपायला लागली होती, त्या दिवसांत मी बाटली घेऊन गेलो. कोतरीनबायनं स्वतः पेला भरला. मी या खेपेला बाह्या सावरल्या नाहीत, ओठ हलवले नाहीत. थेंब टाकले. पेद्रूही कामाचं निमित्त काढून आला होता.

पाणी पांढरं झालं नाही. अगदी नितळही राहिलं नाही. थंडीत काचेवर श्वास सोडावा तेवढा धूसरपणा आला आणि तिथेच थांबला.

"हे चांगलं का वाईट?" तिनं विचारलं.

"चांगलं. समुद्र खाली गेलाय."

तिनं बावखलातून दुसरा पेला भरला, घोटभर पाणी तोंडात घोळवलं आणि गिळलं. चेहऱ्यावरून काही कळू दिलं नाही. "पन हाय ना खाली?"

"आहे."

"वर येनार कवातरी?"

खोटं सांगता आलं असतं. पण डॉक्टरांबरोबर राहून ती सवय जरा बिघडली होती. "येईल," मी म्हटलं. "खालून नाही आला तर खाडीतून येईल. पूर्वी आलेला आहे, पुन्हा येईल. पण तो काळ आपल्या मापात बसत नाही. तुमच्या पतवंडांच्या पतवंडांनाही कदाचित तो दिसणार नाही."

तिनं थोडा विचार केला. मग पदर खोचला आणि वाळलेल्या पश्चिम बाजूकडे गेली. तिथे रहाटाच्या पाण्याला झेपतील तेवढे मोजके खड्डे आधीच खणून ठेवलेले होते. आमच्या बाटलीची तिनं वाटच पाहिली नव्हती.

"मग तवर केळी लावते," ती म्हणाली आणि एक मुनवा माझ्या हातात दिला. "धरा सरळ. बोलत राहू नका, वाकडा होतो."

मी गप्प बसून धरला. ती माती लोटत होती.